फळ्यावर खाली नाव कुणाचं

फळ्यावरची पहिली ओळ सायकलवरून न उतरता वाचता आली पाहिजे, हे मला माझ्या मित्रानं शिकवलं. दुसऱ्या ओळीला माणूस एक पाय टेकवतो आणि तिसरीला उतरतो. "उतरला की आपला," तो म्हणायचा. "पण त्याला ओढायचा न्हाई. त्यानं सोताच्या पायानं उतरायचं."

आता डिझाइनची कामं करणारी मुलं गिऱ्हाईक मिळवायला मोबाईलवर रोज काहीतरी लिहून टाकतात. नव्वदच्या दशकात साताऱ्यात ते आम्ही खडूनं केलं. पेठेतल्या चौकात, रोज सकाळी. गिऱ्हाइकं आली. सगळी त्याच्या कामासाठी आली आणि येताना त्यातल्या एकालाही त्याचं नाव फळ्यावर दिसलं नाही, कारण फळा लिहिणारा मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको.

फळा तरुण मंडळाचा होता. भिंतीवर सिमेंट गुळगुळीत करून काळा रंग दिलेला, वर पावसासाठी पत्रा. सगळ्यात वर सुविचार, त्याखाली पेठेच्या बातम्या. कोण दहावी झालं, कोण सैन्यात नाईकाचा हवालदार झाला, कोण गेलं, पाणी कधी येणार नाही. आणि कुणाचं अभिनंदन असलं की तळाला 'शुभेच्छुक' लिहून अभिनंदन करणाऱ्याचं नाव. ती तळाची ओळ लोक सगळ्यात नीट वाचायचे. कोण कुणाच्या बाजूला उभा आहे ते त्या ओळीवरून कळायचं. माझं अक्षर शाळेपासून बरं, म्हणून मंडळानं ते काम माझ्याकडं दिलं होतं. फळा लिहून झाला की हात धुऊन मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकुनीला जायचो.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर. आजोबांच्या वेळी त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता. आमचं घर मराठ्याचं. गावाकडं ऊस, वडील मिल्ट्रीतून सुभेदार होऊन आलेले. शाळेत आम्हाला या गोष्टीचा फरक पडत नव्हता, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. मला पडत नव्हता, एवढंच त्यातलं खरं.

तो सांगलीला राहून कमर्शियल आर्टचा कोर्स करून आला होता. नोकरी करायची नाही, स्वतःची कामं घ्यायची, हे त्यानं ठरवलेलं. पण नेमकं काय काम ते लोकांना समजत नसे.

"पेंटर पाटी रंगवतो," तो समजावून सांगायचा. "पाटी कशी दिसावी ते मी ठरवतो."

"म्हंजे तू रंगवणार न्हाईस?"

"न्हाई."

"मग पैसं कशाचं?"

असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी मी फळा लिहीत असताना तो मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, "गड्या, अक्षर लय सुंदर हाय तुझं. पण कोण वाचत न्हाई." माझ्या हातातला खडू घेऊन त्यानं 'मिठाई' हा शब्द दोनदा लिहिला. वरचा वेलबुट्टीचा, गाठी मारलेला. खालचा जाड, सरळ, अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेला. आणि त्याखाली एक प्रश्न: रस्त्यापलीकडून कुठला वाचता येतो?

कचेरीतून परत येईपर्यंत चौकात भांडण लागलेलं होतं. पानवाला आणि दूधवाला मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभे होते.

"वरचा लय भारी दिसतोय."

"दिसतोय, पण वाच की."

"मि... मि..."

"घ्या. तिथंच मिठाई संपली."

त्या रात्री आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत बसून आम्ही दुसऱ्या दिवशीचा मजकूर ठरवला. खोली चौकातच होती, म्हणून गिऱ्हाइकानं तिथं यायचं असं ठरलं. मजकूर तो सांगत होता, मी लिहून घेत होतो. शेवटी तो म्हणाला, "खाली माझं नाव टाक."

मी थांबलो. नेमका किती वेळ ते आठवत नाही, पण त्याच्या लक्षात यावं इतका.

"सुरुवातीला नुसतं दुकानाचं नाव टाकू," मी म्हणालो. "लोकांना सवय होऊ दे."

"दुकान कुठं हाय?"

"ठेवू की एखादं नाव. आणि चौकशीला माझं नाव. खोली आमची आहे ना."

तो हसला. "माझं आडनाव लय लांब हाय का रं? फळ्यात मावत न्हाई?"

"तसं नाही रे."

"मग कसं हाय?"

"गिऱ्हाईक येऊ दे. एकदा आलं की टाकू."

"टाकू म्हणालास," तो म्हणाला. "ध्यानात ठेव."

दुकानाला मी माझ्या आईचं नाव दिलं, पुढं 'आर्ट्स' जोडलं. त्याखाली चौकशीसाठी माझं नाव, आडनावासकट.

काम कसं करायचं ते त्याला उपजत कळत होतं. आम्ही अमुक करून देतो, तमुक करून देतो, असं फळ्यावर कधीच लिहायचं नाही. गिऱ्हाइकाच्या मनात आधीच जे सलतंय ते लिहायचं. 'नवी पाटी लावली, तरी लोक अजून ते पिवळं दुकान असंच का म्हणतात?' एवढंच लिहिलं की दोन दुकानदार दुपारपर्यंत खोलीच्या दारात. लग्नसराईच्या आधी: 'पाव्हणा पत्रिका वाचतो, का नुसती जेवायची वेळ बघतो?' रोज एकच गोष्ट. दोन लिहिल्या की दोन्ही जातात. बाजाराच्या दिवशी अक्षर मोठं, कारण त्या दिवशी खेड्यातून येणारा माणूस घाईत असतो.

त्याची सगळ्यात चांगली युक्ती अभिनंदनाची होती. कुणी नवं दुकान काढलं की मी फळ्यावर अभिनंदन लिहायचो आणि तो त्या दुकानाचं नाव, त्याला जसं शोभेल तसं, रंगीत खडूनं काढायचा. मालक बायकोला घेऊन बघायला यायचा. दुसऱ्या सकाळी मी ते पुसून टाकायचो. मग मालक दारात.

"आवं, कालचं अक्षर कुठं गेलं?"

"पुसलं की. फळा रोजचा असतो."

"आसं कसं पुसलं? ते आमचं हुतं."

"कागदावर पाहिजे का?"

आणि शुभेच्छुक म्हणून खाली माझं नाव.

आमच्या गिऱ्हाइकांत एक काकू होत्या. कांदा-लसूण मसाला घरी करून विकायच्या. नवरा एस.टी.त कंडक्टर, घरात सासू कडक. त्यांच्या आधीच्या पाकिटावर देवी, मिरच्या, फुलं, पत्ता, सगळी दाटी होती. त्यानं काकूंना समोर बसवून बराच वेळ पाहिलं. त्या लाजून म्हणाल्या, "माझं काय बघता, मसाल्याचं बघा की." पांढऱ्या पाकिटावर त्यानं एकच गोल काढला, काकूंच्या कपाळावरच्या कुंकवाएवढा आणि त्याच लाल रंगाचा. बाकी काही नाही. दिवाळीपर्यंत बायका दुकानात 'कुंकवाचा मसाला द्या' म्हणायला लागल्या. विट्याचा एक गलाईवाला, म्हणजे सोनं गाळायचा धंदा करणारा, ज्याची आणि ज्याच्या भावांची दुकानं दक्षिणेत होती, तो जत्रेला गावी आला असताना ते पाकीट बघून आमच्याकडं आला. त्याला सगळ्या दुकानांसाठी एक खूण हवी होती. तमिळमधली पाटी फोटोवरून बघून मित्रानं काढली. एक अक्षर वाचता येत नसताना. गलाईवाला जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्या हातात सरस्वती हाय." मित्र माझ्या मागं कागद गुंडाळत होता. मी "नाही हो" म्हणालो. ते विनयानं म्हटल्यासारखं वाटलं.

पैसे आम्ही सरळ निम्मे वाटायचो, तिथं कधी वाद झाला नाही. वाद नावाचा होता आणि तोही वाद म्हणून कधी झाला नाही. तो मधूनमधून विचारायचा आणि मी पुढं ढकलायचो. लग्नसराई जाऊ दे. गणपती होऊ दे. ते पत्रिकेचं मोठं घर आलंय, तेवढं होऊ दे. मी त्याच्या भल्याचं बघत होतो असं मला मनापासून वाटायचं. काम टिकलं तर तो टिकेल, नाव काय, आज ना उद्या येईल. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं, आणि म्हणूनच मला स्वतःची शंका आली नाही.

मग फलटणकडच्या एका शाळेचा रौप्यमहोत्सव झाला. बोधचिन्ह त्यानं केलं होतं. निमंत्रण माझ्या नावानं आलं. आम्ही दोघं गेलो. उसाच्या पैशानं उभी राहिलेली शाळा, मोठा मांडव, व्यासपीठावर कारखान्याची माणसं. मला शाल आणि नारळ दिला आणि माइकपुढं उभं केलं. मी घरून ठरवून निघालो होतो, आज नाव घ्यायचं. समोर तिसऱ्या रांगेत तो बसला होता, नवा शर्ट घालून. मी म्हणालो, "हे श्रेय माझ्या एकट्याचं नाही. यात माझ्या सहकाऱ्यांचाही वाटा आहे." टाळ्या झाल्या. त्यानंही वाजवल्या.

परतताना एस.टी.त बराच वेळ तो खिडकीतून बाहेर बघत होता. माझ्या मांडीवर शाल आणि नारळ.

"सहकारी म्हंजे कसला रं?" त्यानं विचारलं. "साखर कारखान्यातला?"

मी शालीची घडी नीट करत राहिलो.

"नारळ तरी फोड की घरी गेल्यावर. निम्मा मला दे. रीतच हाय आपली."

दोन-तीन आठवड्यांनी मी नेहमीसारखा ओलं फडकं आणि खडू घेऊन चौकात गेलो, तर फळा आधीच लिहिलेला होता. सुविचार नाही, बातमी नाही, प्रश्न नाही. त्याच जाड सरळ अक्षरात लिहिलं होतं, की इतकी वर्षं या फळ्यावरची रंगीत अक्षरं मी काढतो. पत्रिका, पाकिटं, पाट्या, बोधचिन्हं मी करतो. त्याखाली त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सायकलवरून न उतरता वाचता येईल असं.

मी पुसलं नाही. एवढं एक माझ्या बाजूनं लिहायला आहे, पण तेही फारसं टिकत नाही. आमच्या फळ्यावर कुणाचं चांगलं लिहिलं की खाली शुभेच्छुक म्हणून आपलं नाव टाकायची रीत होती. दारूच्या दुकानाला परवाना मिळाला तरी मी माझं नाव टाकलेलं होतं. त्या दिवशी त्याच्या नावाखाली ती ओळ रिकामी होती, खडू माझ्या हातात होता, आणि मी फडकं घडी करून कचेरीत गेलो.

काही झालं नाही. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. संध्याकाळी खोलीत नेहमी दोघं-तिघं असायचे, त्या दिवशी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, पाकिटं छापायला टाकायची होती म्हणून. मी त्यांना चाचरत विचारलं, "फळा वाचला का?"

"वाचला की."

"तुम्हाला धक्का बसला असेल."

"कशाचा धक्का?" काकू म्हणाल्या. "सातारा केवढं हाय? त्येचा बाप यस्टीत, आमचं मालक यस्टीत. पयल्या दिवसापासनं ठावं हाय आमाला. समद्यांस्नी ठावं हाय."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तुमी नाव घातलं न्हाई, आमी इचारलं न्हाई. घरात सासूबाईंना सांगायला बरं पडत हुतं, सुभेदारांच्या पोरानं काढलंय म्हणून. आता भिताडावर आलं. आता त्या बी वाचत्यात. मी काय बदलायची न्हाई, आवं, माझं कुंकू त्येनं काढलंय. पर समदी माझ्यासारखी न्हाईत."

तोपर्यंत मी समजत होतो, की मी लोकांपासून काहीतरी लपवतोय आणि त्याचा भार वाहतोय. लपलेलं काहीच नव्हतं. लोकांना सगळं माहीत असून माहीत नसल्यासारखं वागता यावं, एवढी सोय मी रोज सकाळी त्यांना खडूनं करून देत होतो. गिऱ्हाईक त्याच्या अक्षरासाठी यायचं आणि माझ्या आडनावाच्या आडोशानं आत शिरायचं. आडोसा गेला तशी गिऱ्हाइकांची घरं गेली. कुणाच्या पत्रिकेचं 'थोरल्यांनी दुसरीकडं ठरवलं', कुणाची 'पाटी आहे तीच बरी वाटतीय'. सगळे माझ्याशी गोड बोलले.

मंडळाचे अध्यक्षही गोडच बोलले. "फळा मंडळाचा हाय," ते म्हणाले. "जाहिरात बंद करू या आता."

"इतकी वर्षं चालली की," मी म्हणालो.

"इतकी वर्षं तुमी लिहीत हुता. ती काय जाहिरात नव्हती."

पुढच्या महिन्यात तो सांगलीला गेला. मार्केट यार्डाच्या बाजूला एक लहान गाळा घेतला. हळदीच्या पुड्या, बेदाण्याचे खोके, त्यांची कामं करायला लागला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाटीवर नुसतं त्याचं नाव होतं. आर्ट्स वगैरे काही नाही. काम कमी होतं, पण तो सुखात दिसला. मी म्हणालो, "इथं काहीतरी लिहायला पाहिजे लोक यायला. मी मजकूर करून देतो." तो म्हणाला, "नको. नाव वाचून जे यायचं न्हाईत ते बाहेरच्या बाहेर कटत्यात. माझा वेळ वाचतो." हसत म्हणाला, पण परत विचारू नकोस असं.

त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिनं एकच हट्ट धरला, पत्रिका त्याचीच पाहिजे. लहानपणापासून तिला त्याची चित्रं माहीत होती. मी सांगलीला जाऊन सांगितलं. त्यानं लगेच हो म्हटलं आणि फक्त एवढं विचारलं, "मागं कोपऱ्यात माझं नाव यील. चालंल?" मी म्हणालो, "न चालायला काय झालं?" आठ दिवसांत नमुना घरी आला. देव नाही, कलश नाही. उधळलेल्या अक्षता जशा पडतात तसे पिवळे ठिपके, आणि त्यांच्यात मोकळ्या राहिलेल्या जागेत दोघांची नावं. बहीण ती पत्रिका घेऊन घरभर फिरली.

माझ्या थोरल्या चुलत्यांना, तात्यांना, नमुना दाखवला. वडील गेल्यापासून घरातलं सगळं तेच ठरवत. त्यांनी पत्रिका लांब धरून पाहिली, मग उलटी केली.

"ह्ये काय?"

"काढणाऱ्याचं नाव आहे, तात्या."

"काढून टाक."

"बारीक आहे हो. कुणाला दिसत पण नाही."

"मला दिसलं न्हवं? पयली पत्रिका कुलदैवताम्होरं ठेवायची हाय. काढून टाक आन् छापायला दे. बाकी झ्याक हाय."

मी परत सांगलीला गेलो. त्याच्यासमोर नमुना ठेवला आणि तात्यांचं म्हणणं सांगितलं. जमेल तितकं मऊ करून.

"चुलत्यांना सांग, देवाला चष्मा लागंल एवढं बारीक लिवतो," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसत नव्हता.

"त्यांचं ऱ्हाऊ दे. तू काय म्हणालास?"

"मी सांगितलं त्यांना, बारीक आहे म्हणून."

"म्हंजे तू बी आकारच सांगितलास."

"लग्नघर आहे रे," मी म्हणालो. "एवढ्यापुरतं. नंतर मी..."

"एवढ्यापुरतं," त्यानं तो शब्द एकदा म्हणून पाहिला. मग नमुना उचलला, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला. "चहा घेशील का? बहिणीला आहेर मी पाठवतो. पत्रिका न्हाई देत."

चहा आला. आम्ही प्यायलो. त्यानं आईची तब्येत विचारली. गाळ्याच्या दारापर्यंत तो मला सोडायला आला. सांगली स्टँडवर गाडी लागेपर्यंत मी तात्यांना काय सांगायचं ते जुळवत होतो. तात्या, त्याचं नाव राहिलं तरच त्याची पत्रिका घ्यायची. किंवा, तात्या, पत्रिका देवापुढं मी ठेवतो, माझ्या हातानं. कऱ्हाडपर्यंत दोन्ही वाक्यं तोंडात पक्की बसली होती.

घरी तात्या सोप्यात बसले होते. शेजारी छापखान्यातून आणलेली तयार पत्रिकांची फाईल. बहीण दारात उभी.

"जमलं न्हाई व्हय?" तात्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघत विचारलं.

"त्याला सध्या वेळ नाही," मी म्हणालो. "सांगलीत लय काम आहे."

"मोठा झाला म्हणायचा आता," तात्या म्हणाले. "जुनी माणसं इसरला. आसंच असतंय त्येंचं."

बहीण माझ्याकडं बघत होती. ती आत गेली. तात्यांनी फाईल पुढं ओढली, दोन-चार पानं उलटली आणि एक पत्रिका माझ्यासमोर धरली. लाल मखमलीवर सोनेरी गणपती.

"ह्यो बरा हाय का बघ."

मी म्हणालो, "चांगला आहे."